पुलाकडचा वास

"आज हसली काय गं माझी चंदना?" असं म्हणत हे पाळण्यावर वाकले, आणि मला मासळीचा वास आला.

मी पाळण्याची दोरी धरून शेजारीच बसले होते. निपाणीला माहेरी बाळंतपण आटोपून, तीन महिन्यांची पोरगी घेऊन सासरी आले त्याला तिसराच दिवस. आधी वाटलं, रस्त्यानं कुणीतरी मासे घेऊन चाललं असेल. दार उघडंच होतं. उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. ह्यांनी पोरीची बंद मूठ सोडवायचा खेळ मांडला होता. मधेच त्यांना ढेकर आला, तोंडावर हात धरून ते "अरिहंत" म्हणाले, आणि वास पुन्हा आला. या वेळी दार बंद होतं.

आमचं घर जैनाचं. वारणेकाठी आमच्यासारखी साठ-सत्तर जैन घरं असलेली गावं पुष्कळ आहेत. दिवस मावळायच्या आत जेवणं, मावळल्यावर माझ्या सासूबाई पाण्याचा थेंबही तोंडात घालायच्या नाहीत. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, मीही तेच म्हणत असे. हे, म्हणजे भूपाल मगदूम, गावच्या दूध डेअरीत दुधाचं फॅट तपासायचं काम करत आणि रविवारी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मुलांची पाठशाळा घेत. मुंगीवर पाय पडू नये म्हणून कसं चालावं, हे ते पोरांना स्वतः चालून दाखवायचे. अशा माणसाच्या तोंडाला मासळीचा वास.

माझ्या नाकाची चूक होईल असं मला एकदाही वाटलं नाही. निपाणीत आमच्या घरामागं मासळीबाजाराचं बोळ होतं आणि त्यातून मी दहा वर्षं नाकाला ओढणी लावून शाळेला गेले होते. त्यात मी स्वभावानं संशयी. माझी आई म्हणायची, राजमतीला दूध दिलं तर ती आधी पेल्याच्या तळाशी काय आहे ते बघते. हे अगदी खरं आहे. मी ते कधी लपवलंही नाही.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. बोलण्याआधी पक्कं करून घ्यावं, म्हणून लक्ष ठेवायला लागले.

माझ्या माघारी घरात बरंच बदललं होतं. हे वाळले होते. विचारलं तर म्हणाले, पित्त झालं होतं, मिरजेला चार दिवस दवाखान्यात काढले, तू बाळंतीण म्हणून कळवलं नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी जेवण झालं की हे पुलापर्यंत फिरून यायचे. पूर्वी ह्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हटलं तरी सायकल लागायची. आता रोज चार किलोमीटर, आणि तेही पुलाच्याच बाजूला. पुलाजवळ कोळ्यांची घरं होती. दिवस मावळताना तिथं मासे तळायचे, आणि वारा असला की तो वास आमच्या शेवटच्या गल्लीपर्यंत यायचा. ह्यांच्या तोंडाचा वास यायचा तोही नेमका तिकडून आल्यावर. रोज साडेसातला, घड्याळ लावावं तसा.

मी त्यांचे सदरे हुंगायला लागले. आता हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मन लावून हुंगत होते. सदऱ्याला कसलाही वास नसायचा. रुमालाला नसायचा, हातालाही नसायचा. फक्त तोंडाला. दुसरी कुणी असती तर इथेच थांबून विचार करती. मी मात्र असा अर्थ काढला की हे चुलीपासून लांब बसतात, चमच्यानं खातात आणि वर हात धुऊन येतात. सावधगिरीचीच मला जास्त चीड आली.

दुसरी गोष्ट औषधाची. ह्यांना दोन वेळच्या जेवणाबरोबर काही गोळ्या होत्या. त्या आक्का देवाच्या खोलीतल्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या आणि स्वतः काढून ह्यांच्या हातावर द्यायच्या. बायको घरात असताना आईनं गोळ्या द्याव्यात, हे मला बरं दिसेना. मी एकदा म्हटलं, आक्का, आता मी आले, मी देत जाईन. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"औषधाचं माझ्याकडंच असू दे. तू पोरीचं बघ," म्हणाल्या.

एवढ्यावर बोलणं संपलं. माझ्यावर विश्वास नाही, असं मी समजले. आणि मग जेवणाचं सुरू झालं. मी आमटी वाढायला गेले तर आक्कांनी आपल्या ताटावर हात आडवा धरला. त्यांची भाजी त्यांनी वेगळी शिजवली होती, बिनमिठाची. विचारल्यावर नियम घेतलाय म्हणाल्या. मीठ सोडलं होतं, दही सोडलं होतं. मी आल्यानंतर महिन्याभरात गूळ-साखर सुटली, पुढच्या महिन्यात तूप. आमच्यात नियम घेतात, एकेक रस सोडतात, त्यात नवल नाही. पण ते चातुर्मासात, पर्युषणात. हे चालू होतं फाल्गुनात. शिवाय नियम घेतलेलं माणूस बस्तीत चार बायकांना सांगतं, बायका पाया पडतात, कौतुक होतं. आक्का कुणाला सांगत नव्हत्या. शेजारच्या बाईनं भरल्या वांग्याची वाटी आणली तर ती घ्यायच्या, हसून बोलायच्या, आणि बाई गेली की माझ्या ताटात ओतायच्या.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आठ-दहा दिवस विचार करून मी सगळं जुळवलं. आक्कांना पोराचं माहीत आहे. त्याला काही बोलायची त्यांची हिंमत नाही, म्हणून त्याच्या पापाचं प्रायश्चित्त त्या स्वतः घेतायत, आणि मला कळू नये म्हणून दोघं मिळून झाकतायत. आपल्या हुशारीवर मी त्या दिवशी खूष होते, हेही सांगून टाकते.

एक दिवस शिंप्याकडं जाऊन येते म्हणून पोरगी आक्कांकडं दिली आणि पुलाच्या वाटेला लागले. दिवस नुकताच मावळला होता. ह्यांच्याबरोबर डेअरीत कॅन उचलायला शिवा कोळी म्हणून होता, त्याचं घर पुलाच्या अलीकडंच. त्याच्या अंगणात चुलीवर तवा होता, त्याची बायको मासे तळत होती, शिवा ताटली घेऊन बसला होता. आणि त्याच्यासमोर दगडावर, माझ्याकडं पाठ करून, हे. मी बाभळीच्या आड उभी राहिले. दोघं काहीतरी बोलत होते. मग ह्यांचा हात तोंडाकडं गेलेला मी पाहिला.

मला पुढं बघायचं नव्हतं. घरी आले आणि पोरीला पदराखाली घेऊन बसले. रडू आलं नाही. या माणसाचं मला सगळं ठाऊक आहे, असं पाच वर्षं धरून चालले होते, आणि ज्याच्याशी लग्न केलं तो हा नाहीच, असं वाटत होतं.

हे साडेसातला आले. मी कुठं होता म्हणून विचारलं. शिवाकडं बसलो होतो म्हणाले, लपवलं नाही.

"काय खाल्लं तिथं?"

"दिवस मावळल्यावर मी काय खातो व्हय?"

"तुमच्या तोंडाला मासळीचा वास येतोय. आजचा न्हाई. मी आल्यापासनं रोज येतोय."

ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. पित्ताचे ढेकर आहेत, मलाही ते नको वाटतात, म्हणाले. शिवाला विचार म्हणाले. शिवा तुमचाच माणूस, तो काय सांगणार, असं मी म्हटलं. सदरे हुंगल्याचं, पुलाकडं गेल्याचं, सगळं बोलून गेले. तोंडाला येईल ते बोलत होते आणि थांबता येत नव्हतं. शेवटी म्हटलं, खरे असाल तर येत्या चतुर्दशीला बस्तीत चला आणि पार्श्वनाथांसमोर शपथ घ्या की मासळी तुमच्या पोटात कधी गेली नाही.

रविवारी पाठशाळेत चाळीस पोरं त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची. त्यांच्या बायकोनं त्यांना हे विचारावं, याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं, पण मी मागं हटले नाही.

"घेतो शपथ," ते म्हणाले. "पण त्यानंतर तू मला या घरात कधी काय विचारायचं न्हाई. जगलो काय आणि मेलो काय."

आक्का देवाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

चतुर्दशीला तीन दिवस होते. ते तीन दिवस हे बाहेरच्या सोप्यात झोपले आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आक्का एकवेळच जेवत होत्या. दुसऱ्या दिवशी मी चूल सारवत होते तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. शपथ वगैरे नको, मनातला किंतु काढून टाक, माझा पोरगा तसा नाही, असं हळू आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची खात्री असेल तर शपथेला कशाला भ्यायचं? त्यावर त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. मला वाटलं, हाच पुरावा.

चतुर्दशीला पहाटे हे विहिरीवर आंघोळ करून, शुद्ध धोतर नेसून निघाले. मागं मी पोरीला घेऊन, माझ्या मागं आक्का. आमच्या बस्तीसमोर उंच मानस्तंभ आहे. माणसानं आपला अहंकार तिथं ठेवून आत जावं, असं आम्हाला लहानपणी शिकवतात. अजून अभिषेकाला माणसं जमली नव्हती, उपाध्ये, म्हणजे बस्तीचे पुजारी, आत फुलं काढत होते. ह्यांनी मानस्तंभाला हात जोडले आणि पायरीवर पाऊल ठेवलं.

"भुपा, थांब," आक्का म्हणाल्या. "शपथ घेऊ नको. खोटी पडंल."

हे वळले. मला ते तोंड अजून आठवतं. बायकोनं संशय घेतला ते त्यांनी तीन दिवस सोसलं होतं, पण आईचं हे ऐकून त्यांचा रंगच गेला.

"आई, तुला पण वाटतंय मी खाल्लं?"

"तू न्हाई खाल्लंस रं. मी चारलं तुला."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. माझ्याकडं न बघता, फक्त त्यांच्याकडं बघत सांगत होत्या. मी पोरीला घट्ट धरून उभी होते आणि एकेक शब्दाला माझं सगळं जुळवलेलं विस्कटत होतं.

पित्त नव्हतंच, मला घोर नको म्हणून दोघांनी तसं सांगितलं होतं. मी माहेरी गेल्यावर दीड महिन्यानं हे डेअरीतच पोट धरून पडले होते. दवाखान्यात चार दिवस नव्हे, अकरा दिवस होते, आणि त्यातले चार मशीन लावून. डॉक्टर आवटी म्हणून होते, त्यांनी आक्कांना रक्ताची नळी दाखवली. नळीत वर पांढरा थर होता. रक्त कुठलं, दूधच दिसत होतं, असं आक्का म्हणाल्या. रक्तात चरबी इतकी वाढलीय की त्यानं पोटातलं स्वादुपिंड सुजलं, असं डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. हे रक्तातूनच घराण्यात येतं. या वेळी वाचला, पुन्हा असं झालं तर मी खात्री देत नाही, असंही सांगितलं.

"तुझा बाप असाच गेला," आक्का म्हणाल्या. "खळ्यावर पोट धरून बसला तो उठलाच न्हाई. बेचाळीस वर्षाचा. कुणी म्हणालं विषबाधा, कुणी म्हणालं करणी. काय झालं ते मला ती नळी बघितल्यावर कळलं."

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या, एक त्या चरबीची आणि एक कोलेस्टेरॉलची. महिन्यानं तपासलं तर आकडा हजाराच्या खाली यायला तयार नाही. तेव्हा ते म्हणाले, जोडीला आणखी एक कॅप्सूल देतो. पण तुम्ही जैन, म्हणून सांगूनच देतो, ही माशाच्या तेलापासून केलेली असते. मुलाशी बोला, त्याची तयारी असेल तरच सुरू करा. आक्का हो म्हणाल्या, कागद घेतला, औषधाच्या दुकानातून बाटली आणली आणि देवाच्या खोलीतल्या डब्यात ठेवली.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"न्हाई," हे लगेच म्हणाले.

"म्हणून सांगितलं न्हाई."

दर महिन्याला नवी बाटली आली की आक्का एक रस सोडत होत्या. मीठ, दही, गूळ, तूप. पुढं तेल राहिलं होतं आणि मग दूध. त्यानंतर काय सोडायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ताटावर आडवा धरलेला हात येत होता. पुलाजवळ पाहिलेला ह्यांचा तोंडाकडं गेलेला हात या कॅप्सूलचा ढेकर झाकायला गेला होता, हेही मला तेव्हा कळलं. मी भर बस्तीसमोर खाली वाकले आणि ह्यांच्या पायाला हात लावला. ते मागं सरले. रागानं नाही. आपल्याला कुणी शिवू नये, असं त्यांना त्या क्षणी वाटत असावं.

ते बस्तीत गेले नाहीत. पायरीवरचं पाऊल काढून घेतलं आणि सरळ नदीवर गेले. दुपारी आले ते कोरड्या ओठांनी, डब्यातली बाटली काढली आणि कोनाड्यात उपडी ठेवली. आईला एवढंच म्हणाले की आजपासून ही नको. रविवारी पाठशाळाही घेतली नाही. पोरं येऊन परत गेली.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर मिरजेला गेले. मला येऊ दिलं, तेवढंच मला पुष्कळ वाटलं. ह्यांना काहीच सांगितलं नव्हतं, हे ऐकून डॉक्टर आवटी खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, सांगितलं असं आईंनी मला पुढच्या वेळी म्हटलं होतं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. औषध तुमच्या पोटात जायचं, तेव्हा निर्णय तुमचा. पहिल्या दोन गोळ्या सोडायच्या नाहीत. कॅप्सूल बंद करून बघायची तर सहा आठवडे बघू, पण साखर बंद, तळलेलं बंद, भात अर्धा, तेल चमच्यानं मोजून, आणि चालणं दुप्पट. पोटात जरा जरी कळ आली तरी घरात थांबायचं नाही.

ते सहा आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. घरात कुणी कुणाला दुखवत नव्हतं आणि कुणी कुणाशी मोकळं बोलतही नव्हतं. हे ज्वारीची कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी खायचे, दोन वेळा पुलापर्यंत जायचे. जरा पाठ ताठ करून बसले की आक्कांचं लक्ष त्यांच्या पोटाकडं जायचं. माझंही. पूर्वी मी त्यांच्यावर पाळत ठेवली ती पकडायला, आता ठेवत होते ती भीतीनं. एकदा ते मोरीत जास्त वेळ थांबले तर मी आणि आक्का दोघी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिलो आणि एकमेकींकडं बघून परत फिरलो. मी त्या दिवशी आक्कांना म्हटलं, मी शपथेचा हट्ट धरला नसता तर हे झालं नसतं. त्या म्हणाल्या, तू नसतीस तर दुसरं कुणी वासानं ओळखलं असतं, तुझं नाक चांगलं आहे. एवढं सोसताना त्यांना ही थट्टा कशी सुचली कुणास ठाऊक.

सहा आठवड्यांनी उपाशीपोटी रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट आला. कॅप्सूल चालू असताना आकडा चारशेच्या आसपास आला होता, तो बाराशे साठ झाला होता. ह्यांनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाले, "डॉक्टर, मला नळी बघायचीय."

डॉक्टरांनी लॅबमधून मागवली. हे ती उजेडाकडं धरून उभे राहिले, डेअरीत दुधाची नळी धरतात तशीच. दिवसाला दीडशे नळ्या त्यांच्या हाताखालून जायच्या. कुणी म्हशीच्या दुधात पाणी घातलंय ते त्यांना बघून कळायचं. वरचा पांढरा थर ते कितीतरी वेळ बघत होते.

"ही माझीच?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच," डॉक्टर म्हणाले.

येताना एसटीत ते खिडकीकडं बसले होते. एकदाच बोलले. बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, म्हणाले, आणि आईनं त्या दिवशी माझं तोंड पदरात झाकून धरलं होतं, मला काही दिसू नये म्हणून. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी काढला नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला अर्धा तास होता. आक्कांनी आमच्याकडं बघितलं आणि पाट मांडायला घेतले. मी घाईनं पानं वाढली. हे हातपाय धुऊन आले, पानावर बसले आणि म्हणाले, "आई, ती बाटली दे."

आक्का उठल्या. कोनाड्यातली बाटली घेतली, झाकण काढलं, पूर्वीसारखी तळहातावर एक कॅप्सूल घेतली आणि हात पुढं केला. सोनेरी, बोटाच्या पेराएवढी होती. मी ती पहिल्यांदाच पाहत होते. ह्यांनी आईचा तो हात हळूच बंद केला आणि बाटली मागून घेतली.

"तू न्हाई द्यायची. मी माझ्या हातानं घेणार."

"भुपा, दे माझ्याकडं. तुला ह्याचं पाप लागू नये म्हणून मी एवढं केलं रं."

"ते कळलं मला. पण चार महिने मी तुझ्या पापावर जगलो, आणि तू माझ्यासमोर अळणी खातीयास. हे कसलं जगणं गं आई? आता मला ठाऊक आहे ही काय आहे ते. ठाऊक असून घेतो. मला जगायचंय, म्हणून घेतो. ह्याचं पुढं जे काय भोगायचं असंल ते माझं मी भोगीन."

त्यांनी बाटलीतून एक कॅप्सूल काढली. हातात धरून डोळे मिटले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग माझ्याकडं पाणी मागितलं. मी तांब्यातून फुलपात्रात ओतून दिलं. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आक्कांच्या बंद मुठीत त्यांची कॅप्सूल तशीच होती. दवाखान्यातल्या अकरा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, बस्तीच्या पायरीवर रडल्या नव्हत्या. आता भिंतीला टेकून बसल्या आणि लहान पोरीसारख्या मोठ्यानं रडल्या. पाळण्यातली चंदना दचकून जागी झाली, तरी मी उठले नाही.

याला तेरा वर्षं झाली. आक्का जाऊन चार वर्षं होतील. हे आहेत. सकाळी साडेपाचलाच डेअरीला गेलेत, दहाला जेवायला येतील.